काळ्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह

शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

चि. उज्ज्वला,

नावाआधी सौ. लिहावं का न्हाई, म्हणून घडीभर नुसती पेन धरून बसले. सौ. तर तू हायसच, पण आता दुसऱ्या घरची. मी लिहिलेलं तुला खपंल का न्हाई, म्हणून चि. वर भागवलं. माझं अक्षर तुला ठाऊक हाय. चौथीच्या वर शाळा न्हाई, त्यातली बी निम्मी शेरडांमागं गेली. तवा वाकडंतिकडं समजून घे.

दिंद्रुडचा पत्ता तुझ्या धाकट्या भावाकडून घेतला. तो म्हणला, "कावून पायजे?" मी म्हणलं, "एक गंमत सांगायची हाय तिला." तो हसला न्हाई. पण पत्ता दिला.

गंमत खरीच हाय आन् ती सांगितल्याबिगर मला भाकर गोड लागंना. इथं सांगू कुणाला? गाव निम्मं रिकामं झालंय, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला गेल्या. शेजारची वत्सलाबाई हाय, पण कंप्युटरचं काढलं की ती जांभया देते आन् मधीच विचारते, "त्याला दूध किती निघतं?" चेष्टा करते मेली. मंग वाटलं, ही गोष्ट ऐकून माझ्याएवढं हरखणारं दुनियेत एकच माणूस हाय. सोळा वर्षांत ओळ न्हाई धाडली आन् आता आनंद झाला म्हणून धाडते, असं तुला वाटंल. वाटू दे.

तर आपल्या संस्कृतीनं कंप्युटर बनवला. इकत न्हाई आणला, बनवला. तू गेलीस तवा चार वर्षांची होती, चप्पल उलटी घालायची. आता वीस पुरी झाली. बीडला आयटीआय केलं. पाटोद्यात मोहनरावचं झेरॉक्सचं दुकान हाय, तिथं मागच्या अंगाला तिचं टेबल हाय. मोबाईल, कंप्युटर, प्रिंटर, काय बी उघडून बसते. काम अडलं की कपाळाला एकच आठी पडते, डाव्या बाजूला. माझ्या पोराला, बंकटला अशीच पडायची, ट्रॅक्टरखाली निजल्यावर. तुझ्या ध्यानात असंल. तुझाबी नवराच होता तो.

लग्नाच्या शुटिंगा करणारा विजयसिंह म्हणून एक हाय. तुळशीचं लग्न लागलं की त्याच्या तिथ्या सुरू होतात, आन् एका लग्नाचं पिच्चर जोडाया त्याच्या जुन्या कंप्युटरला आठ दिवस लागायचे. त्यानं संस्कृतीला मोठा कंप्युटर जोडाया सांगितला. तिचं पहिलंच असलं काम. तिनं एकेक सामान गोळा केलं. त्यात बोर्ड असतं बघ, ताटाएवढं. त्याच्यावर बारीक बारीक रेघा, तलाठ्याच्या नकाशासारख्या. मधी चौकोनी जागा, तिथं मेंदू बसतो. मेंदू म्हंजी बिस्किटाएवढी चकती. तिनं तो बसवला, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच्या काळा.

तीन दिवस काळाच. घरी आली ती बोर्ड खोक्यात घेऊन. पाटावर ठेवलं आन् त्याच्यापुढं मांडी घालून बसली.

मी म्हणलं, "बिघडलं का गं?"

"बिघडलं न्हाई आजी. बोर्ड जुनं हाय आन् मेंदू नवा हाय. हे बोर्ड कंपनीत तयार झालं तवा हा मेंदू जन्मलाच नव्हता. त्याला वळखतच न्हाई ते."

"मंग वळख करून दे की."

"तीच तर पंचाईत. बोर्डाला नवं शिकवायचं तर बोर्ड चालू पायजे. आन् चालू व्हायचं तर आधी वळखीचा मेंदू पायजे."

बीडच्या दुकानदारांना फोन लावले तिनं. सगळे एकच सांगायचे, जुना मेंदू कुणाचा तरी दोन दिवसांसाठी आण, बसव, बोर्डाला शिकव आन् मंग काढून दे. कुणी देईना. मोहनराव तर म्हणला, "पोरी, दे ते परत आन् मोबाईलला काचा चिकटव गप. हे पुण्याच्या पोरांचं काम हाय." तिनं त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

मंग तिनं बोर्डाबरोबर आलेली चोपडी वाचली. सगळी इंग्रजी. वाचता वाचता एकदम वरडली, चुलीवरची भाकर करपली माझी. बोर्डाच्या मागच्या अंगाला एक बारीक बटण असतं म्हणे, कुणी बघत बी न्हाई त्याच्याकडं. मेंदू बसवायची गरजच न्हाई. नुसती लाईट जोडायची, कंपनीनं दिलेली नवी शिकवण पेनड्राइव्हमधी भरायची, तो ठराविक जागी खोसायचा आन् बटण दाबून धरायचं. बोर्ड बिनमेंदूचं शिकतं! मी म्हणलं, "अगं, मेंदू न्हाई तर शिकतं कोण?" ती म्हणली, "एक बारीक चिप असते आजी, तेवढ्याचसाठी जागी." मला काय समजलं न्हाई, पण तिच्या तोंडाकडं बघून मी बी टाळ्या वाजवल्या.

पेनड्राइव्ह छोटा आन् जुन्या पद्धतीचा लागतो. तिच्याकडचे सगळे मोठे, ते बोर्ड वाचंना. आपल्या घरी एक छोटा लाल पडून होता. तो मी दिला.

दुसऱ्या दिवशी मी बी गेले पाटोद्याला, बाजाराचं निमित्त करून. तिनं मोहनरावच्या कंप्युटरवर पेनड्राइव्ह साफ केला, त्यात ती शिकवण भरली. टेबलावर उघडं बोर्ड, मधली जागा रिकामी. बटण दाबलं तर एक बारीक दिवा लुकलुकाया लागला. म्हणली, "आता आठ मिनिटं लाईट जायला न्हाई पायजे. गेली तर बोर्ड कायमचं मेलं." दुकानाला इन्व्हर्टर हाय, पण झेरॉक्सची मशीन चालली की तो कुंथतो. म्हणून तिनं मोहनरावला झेरॉक्स बंद ठेवाया लावली. दारात पीक विम्याचे कागद घेऊन सात माणसं उभी. एक जण म्हणला, "काय आप्रेशन चाललंय का?" मोहनराव म्हणला, "हो बाबा, गप उभा राहा." आठ मिनिटं पाटोद्यात तेवढं दुकान बंद! मी तर पदर तोंडाला लावून उभी, माझ्या श्वासानं दिवा इझल असं वाटायचं.

दिवा थांबला. तिनं मेंदू बसवला. बटण दाबलं. पडदा उजळला गं उज्ज्वला. कंपनीचं नाव आलं मोठ्या अक्षरात. सातही माणसांनी आत माना घातल्या. संस्कृतीनं मला उचललीच, सगळ्यांसमोर. मोहनरावनं पेढे आणले. मी दोन खाल्ले, साखर हाय तरी.

एवढंच सांगायचं होतं. तुझी तब्येत बरी असंल. उत्तर न्हाई धाडलंस तरी चालंल.

साखराबाईचा आशीर्वाद, घेणार असलीस तर.


मंगळवार, २ डिसेंबर २०२५

चि. उज्ज्वला,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं वत्सलाबाईच्या पुढ्यात वाचून दाखवलं, एकच ओळ होती म्हणून बरं. "आत्याबाई, त्या लाल पेनड्राइव्हला काळा दोरा होता का, आन् त्यातलं संस्कृतीनं बघितलं का?" तब्येत बरी हाय का न्हाई एवढं तरी लिहायचंस.

विजयसिंह कंप्युटर घेऊन गेला. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवला आन् वर पट्टा लावला, लेकराला लावतात तसा. आता एका दिवसात लग्न जोडून होतं म्हणतो. त्यानं दुसऱ्या दोघांना सांगितलं, तवा संस्कृतीच्या टेबलावर आता दोन खोकी आन् आलीत. मोहनराव तिला "काय पोरी" म्हणायचा, आता "संस्कृतीताई" म्हणतो. मला पाटोद्यात एका बाईनं विचारलं, "तुमी त्या कंप्युटरवाल्या पोरीची आजी का?" मी तिला उभ्याउभ्या सगळं सांगितलं, बोर्ड, मेंदू, बटण. तिची गाडी गेली.

तिला काय आवडतं ते तुला सांगते, तुला ठाऊक नसंल. शेंगदाण्याची चटणी आवडते, पण लसूण कमी. दोडका खात न्हाई. केस आखूड ठेवते, मी बोलले तर म्हणते वायरीत अडकतात. आभाळ गडगडलं की अजून माझ्या अंगाला खेटून बसते आन् म्हणते, "तू भेशील म्हणून बसले."

दोऱ्याचं विचारलंस. असंल दोरा. बाजारातल्या निम्म्या वस्तूंना दोरा असतो. लाल असंल न्हाई तर काळपट असंल, मला ह्या डोळ्यानं कुठं नीट दिसतं, मोतीबिंदूचं आप्रेशन उजव्याचंच झालंय. आन् आत काय होतं हे मला कसं कळावं. मी काय कंप्युटरवाली हाय?

आमच्याकडं थंडी लई हाय यंदा. तुमच्याकडं कापूस निघाला का? हरभरा बरा आलाय इकडं.

मी वाईट बाई न्हाई उज्ज्वला.

साखराबाई


रविवार, १४ डिसेंबर २०२५

उज्ज्वला,

बारा दिवस झाले, तुझं कार्ड देवाच्या फळीवर ठेवलंय. येता जाता दिसतं. काढून ठेवावं म्हणलं तर हात होत न्हाई.

हो. काळा दोरा होता.

आता सगळं लिहिते, मधी थांबले तर परत लिहिणं व्हायचं न्हाई.

चार वर्षांमागं, संस्कृती दहावी पास झाली त्या साली, तुझं पार्सल आलतं. तुझ्या माहेरच्या गावचा माणूस देऊन गेला, पाणी बी न पिता. संस्कृती घरी नव्हती. मी उघडलं. आत निळा ड्रेस होता, बारीक पांढऱ्या फुलांचा, आन् त्याच्या घडीत ती लाल वस्तू, काळ्या दोऱ्यात ववलेली. आता हसशील. मला तवा पेनड्राइव्ह म्हंजी काय ठाऊक नव्हतं. बोटाएवढी लाल लोखंडाची टोपी, काळा दोरा, आन् कपड्याच्या घडीत लपवलेली. मला वाटलं ताईत हाय. पोरीला माझ्यापासून तोडून घ्यायला कुणाकडून तरी भारून आणला आन् धाडला. अंगावर काटा आला माझ्या. वत्सलाबाईला दाखवला तर ती म्हणली, "हात लावू नको." मंग मी चिमट्यानं उचलला, रिकाम्या डबीत घातला, वर मीठ, मोहरी आन् सात मिरच्या घातल्या, आन् डबी ज्वारीच्या कणगीमागं सारली. अमावास्येला मिरच्या बदलायचे. खरं सांगते, दोन वर्षं बदलल्या.

ड्रेस फेकवंना. चांगला होता. संस्कृतीला दिला आन् म्हणलं, "पास झालीस म्हणून शिरूरच्या बाजारातून आणला." तिनं पायाला हात लावला माझ्या. तीन वर्षं घातला तो ड्रेस, बाही उसवली तर शिवून घातली. दर वेळी घातला की म्हणायची, "आजी, तुला कसं गं कळलं मला निळा आवडतो?"

ती आयटीआयला गेली तवा घरात पेनड्राइव्ह याया लागले. एक दिवस तिच्या दप्तरात तसलाच एक दिसला, हिरवा. विचारलं तर म्हणली, "ह्यात फोटो, गाणी, बोलणं, काय बी भरून ठेवता येतं." तवाच कळलं मला डबीत काय हाय ते. दोन वर्षं झाली त्याला. त्याच दिवशी काढून द्यायचा होता. कणगीपर्यंत गेले बी. पण काढून दिला असता तर कुठून आला हे सांगावं लागलं असतं, आन् ड्रेसचं बी, आन् आणखी लई काय. डबी होती तिथं ठेवली. मिरच्या तेवढ्या बदलायचं सोडलं.

आन् मंग हे बोर्डाचं झालं. चार दिवस पोरीच्या तोंडावर हसू न्हाई. छोटा जुना पेनड्राइव्ह पायजे म्हणली आन् माझ्या तोंडातून निघून गेलं, "आपल्याकडं हाय." इतकी हरखले होते उज्ज्वला, की आपणबी तिच्या कामाला आलो. डबीतून काढला, पदरानं पुसला, दिला. तिनं वास घेतला. "आजी, ह्याला मिरचीचा वास कावून येतोय?" मी म्हणलं, "चुलीजवळ होता." तिनं विचारलं, "आत काय हाय ह्यात?" मी म्हणलं, "काय न्हाई. रिकामाच हाय. तुझ्या आत्याच्या लग्नात कुणाचा तरी राहिला."

मी रिकामा म्हणलं. आत बोलणं असू शकतं हे ठाऊक असून म्हणलं. तवा मनात काय होतं हे मलाच नीट सांगता येत न्हाई. पोरीचं काम व्हावं हे तर होतंच. पण तुझं काय असंल ते कायमचं जाईल आन् मला परत कणगीमागं बघावं लागणार न्हाई, हे बी होतं. खोटं कशाला लिहू.

परवा मोहनरावला विचारलं, साफ करायचा म्हंजी काय होतं. तो म्हणला, "पाटीवर ओला फडका फिरवल्यागत. मागचं सगळं गेलं." तू काय बोलली होतीस ते मला ठाऊक न्हाई. किती बोलली होतीस ते बी न्हाई. पण तू कुणाकडून तरी ते भरून घेतलंस, ड्रेसच्या घडीत ठेवलंस, आन् चार वर्षं वाट बघितली असशील की पोरगी काय तरी बोलंल. आन् ते मी मपल्या हातानं पुसाया दिलं, आन् वर पेढे खाल्ले. तुला ती गोष्ट पत्रात रंगवून बी लिहिली.

संस्कृतीला अजून सांगितलं न्हाई. सांगणार हाय. भ्या वाटतं. ती गेली तर ह्या घरात मी आन् शेळी.

साखराबाई


गुरुवार, १८ डिसेंबर २०२५

उज्ज्वला,

सांगितलं.

काल संध्याकाळी ती कामावरून आली, हातपाय धुतले, चुलीपुढं बसली. मी भाकर थापत होते. तिच्याकडं न बघता म्हणलं, "संस्कृती, तो लाल पेनड्राइव्ह लग्नातला न्हाई. तुझ्या आईनं धाडला होता. मी लपवून ठेवला होता."

ती म्हणली, "ठाऊक हाय."

माझ्या हातातली भाकर तव्याबाहेर पडली.

"कसं ठाऊक?"

"आजी, कुणाचा बी पेनड्राइव्ह साफ करायचा असला तर मी आधी आतलं सगळं बाजूला काढून ठेवते. गिऱ्हाईक रिकामा म्हणलं तरी. लोकांना काय ठाऊक असतं आत काय राहिलंय? कुणाच्या त्यात मेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो असतो. धंद्याची सवय हाय ती." मंग म्हणली, "तुझ्यापुढंच काढलं की, मोहनरावच्या कंप्युटरवर. तू दारातल्या माणसांकडं बघत होतीस."

म्हंजी तुझं बोलणं हाय. गेलं न्हाई. हे पयलं वाच, मंग बाकीचं वाच.

मी विचारलं, "मंग इतके दिवस बोलली कावून न्हाईस?"

"तू बोलतीस का बघत होते. रोज वाटायचं, आज सांगंल. अठ्ठावीस दिवस झाले."

अठ्ठावीस दिवस. त्या अठ्ठावीस दिवसांत तिनं मला डोळ्यात थेंब घातले, बाजारातून मऊ चपला आणल्या, गडगडलं तर खेटून बसली. आन् मी आपली तिला बोर्डाची गोष्ट परत परत सांगाया लावत होते.

मंग तिनं मोबाईलवर दाखवलं. सतरा मिनिटांचं हाय. तू हिरवी साडी नेसलीस, मागं शेणानं सारवलेली भिंत, मधीच कुणाचं तरी लेकरू येतं आन् तू त्याला हातानं बाजूला सारतीस. तुझे केस पिकलेत पुढं, मला ठाऊक नव्हतं. तू दहावीचे मार्क विचारतीस. पाळी आली का विचारतीस, पोटात दुखलं तर ओवा खा म्हणतीस. माझ्याबद्दल वाईट एक शब्द न्हाई. मी शेवटपर्यंत वाट बघत होते, आता बोलंल, आता बोलंल. उलटं म्हणतीस, "आजीला जड उचलू देऊ नको."

आन् मधी एका ठिकाणी तू पदर सारखा करतीस. मंग म्हणतीस, "पंचमीला मी आलते बांगड्या घेऊन, तू सहा वर्षांची होतीस. तू म्हणालीस, मला आईला भेटायचं न्हाई. मला राग न्हाई आला बाळा. तुला सोडून गेले, तुला राग यायचाच. तुला वाटंल तवा ये. मी परत येऊन तुला रडवणार न्हाई."

संस्कृतीनं तिथं मोबाईल थांबवला. मला म्हणली, "आजी, मी असं कवा म्हणले?"

उज्ज्वला, आता जे लिहिते त्याच्यासाठी हे पत्र हाय. मागची तिन्ही पत्रं फाडून टाकलीस तरी चालंल.

पोरगी तसं म्हणली नव्हती. तिला तू आल्याचं ठाऊकच नव्हतं. तुला एसटीतून उतरताना वत्सलाबाईच्या नातीनं बघितलं आन् पळत येऊन सांगितलं. मी संस्कृतीला मागच्या दारानं वत्सलाबाईकडं नेऊन बसवलं, शेंगा फोडाया दिल्या. आन् पुढच्या दारात येऊन तुला म्हणलं, "पोरगी रडती. तुला भेटायचं न्हाई म्हणती." तू दारात उभी होतीस, हातात बांगड्यांचा कागद होता. आत याया विचारलं बी न्हाईस. म्हणलीस, "बरं आत्याबाई." कागद ओट्यावर ठेवून गेलीस.

नुसती हाकलली असती तर तू परत आली असतीस, भांडली असतीस, भावांना घेऊन आली असतीस. हे मला ठाऊक होतं. म्हणून पोरीचं नाव घेतलं. आन् पोरीला सांगितलं, तुझ्या आईचं नवं घर हाय, तिला तू नको हायस, तिच्या संसारात जाऊ नको. ती एकदाच रडली. त्यानंतर तिनं तुझं नाव काढलं न्हाई. मी समजले, इसरली. बंकट गेल्यावर माझ्याकडं त्याचं एवढंच उरलं होतं. तू तरणी होतीस, तुला आणखी लेकरं होणार होती, मला कुठून होणार होती? असं मी मनाला सांगायचे. चौदा वर्षं सांगितलं.

हे सगळं मी संस्कृतीला चुलीपुढं सांगितलं, जसं इथं लिहिलं तसं. ती काटकीनं चुलीतली राख सारत होती. मंग म्हणली, "वत्सलाकाकूकडच्या शेंगा आठवतात मला. टोपलंभर होत्या. मला वाटायचं, त्या दिवशी माझे लई लाड झाले."

मंग उठली, तव्यावरची करपलेली भाकर काढली आन् दुसरी थापाया बसली. मला म्हणली, "तू सरक." माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार सकाळ

हे पत्र मी टपालात टाकलं न्हाई. संस्कृती म्हणली, "टाकू नको. मीच नेते." मोहनरावकडून दोन दिवसांची सुट्टी घेतली तिनं. एक खोकं अर्धवट हाय टेबलावर, ते गिऱ्हाईक थांबंल म्हणली. आधी बीडला जाईल, तिथून माजलगावच्या बाजूची गाडी. दुपारपर्यंत पोचंल. पाकीट चिकटवलं न्हाई, तिनं रस्त्यात वाचलं तरी तिचा हक्क हाय.

मला म्हणली, "तू येतीस का?" मी म्हणलं, "शेळी कोण बघंल?" ती म्हणली, "वत्सलाकाकू." मी म्हणलं, "न्हाई." खरं कारण तिला बी कळलं. पयल्यांदा तुमी दोघी बसा. मी मधी असले की कायतरी बोलंन.

एसटी लागल्यावर तिला मळमळतं, आल्याआल्या जेवायचा आग्रह करू नको. बोलायला वेळ लावते, तोंड फुगवलं असं समजू नको. तुझी लेकरं तिला काय म्हणून हाक मारतील हे तुझं तू ठरव, पण ताई म्हणली तर तिला बरं वाटंल.

परत कवा येणार, हे मी तिला विचारलं न्हाई. माझ्यावतीनं तू बी विचारू नको.

साखराबाई